तुकईथडची कपाशी आणि अमेरिकेतील यादवी

बऱ्हाणपूर जिल्ह्याच्या पूर्वेकडील अंगाला, सातपुड्याच्या डोंगररांगांत, तुकईथड नावाचे गाव आहे. वाचकांपैकी ज्यांनी खंडव्याहून अकोल्याला छोट्या गाडीने प्रवास केला असेल, त्यांना हे नाव स्टेशनच्या पाटीवरून आठवत असेल. इतरांना ते ठाऊक असण्याचे फारसे कारण नाही. नाव मात्र कानाला अस्सल मराठी लागते. तुकाई हे भवानीचेच एक नाव आणि थड म्हणजे नदीचा काठ. तापी येथून दूर नाही. पिढ्यान् पिढ्या मध्य प्रदेशात राहून हिंदीत कारभार करणाऱ्या आम्हां मराठी माणसांना अशा नावांचा थोडा आधार वाटतो. नकाशावरील रेघ १९५६ च्या १ नोव्हेंबरला पडली. वऱ्हाड तिकडे गेला, निमाड इकडे राहिला. गावांनी आपली नावे बदलली नाहीत.

मार्गशीर्षात आम्ही तुकईथडला गेलो ते एका जुन्या विद्यार्थ्याच्या आग्रहावरून. तो आता तेथे शेती करतो, आणि 'गुरुजी, एकदा वेचणीच्या दिवसांत या' असे त्याचे दोन-तीन वर्षांचे बोलावणे होते. बऱ्हाणपूर सोडले की प्रथम केळीच्या बागा लागतात. हिरव्यागार पानांच्या त्या भिंतींमधून रस्ता जात असतो तोवर हा मुलूख पाण्याने समृद्ध आहे असाच कोणाचाही समज व्हावा. खकनारच्या पुढे गेल्यावर केळ मागे पडते, जमीन वर-खाली होऊ लागते, सागाची झाडे रस्त्यापर्यंत येतात, आणि मग उताराच्या काळ्या-मुरमाड रानांतून कपाशी दिसू लागते. मराठी, निमाडी, हिंदी आणि कोरकू अशा चार भाषा देडतलाईच्या बाजारात एकाच वेळी ऐकू येतात. त्यांतील कोरकू ही मुंडा कुळातील. तिचे नाते मराठीशी नाही, संथाळी-मुंडारीशी आहे. भाषेच्या विद्यार्थ्याने दिवसभर नुसते कान उघडे ठेवून बसावे असे हे ठिकाण आहे. पण या लेखाचा विषय भाषा नाही, कापूस आहे.

मराठी हा आमचा विषय खरा. तथापि सरकारी शाळेतील मुख्याध्यापकास वेळप्रसंगी सर्वच विषयांच्या तासाला उभे राहावे लागते. इतिहास शिकविताना एक गोष्ट आम्हांस नेहमी खटकत आली. एका धड्यात अब्राहम लिंकन येतो. तो लाकडाच्या घरात वाढतो, राष्ट्राध्यक्ष होतो, गुलामांना मुक्त करतो आणि गोळी लागून मरतो. पुढे केव्हा तरी, निराळ्याच धड्यात, अमेरिकेतील यादवी युद्धामुळे हिंदुस्थानच्या कापसाला भाव आला असे एक वाक्य येते. या दोन गोष्टींची गाठ मुलांना कोणी घालून देत नाही. मुलेही विचारीत नाहीत, कारण दोन्ही प्रश्न निरनिराळ्या गुणांना येतात.

ती गाठ कपाशीच्या बोंडाशी आहे. आखूड धाग्याच्या कपाशीची सरकी धाग्याला घट्ट चिकटलेली असते; ती हाताने सोडवावयाची तर एका माणसाचा दिवस जाऊन शेरभरही रुई हाती येत नाही. १७९३ साली एलाय व्हिटनी या अमेरिकन गृहस्थाने सरकी काढण्याचे दातेरी यंत्र बनविले. यंत्र आले म्हणजे माणसाचे कष्ट कमी व्हावेत, ही आपली भाबडी समजूत. झाले उलटे. सरकी काढण्याची अडचण संपताच कपाशी लावावी तितकी थोडी झाली, आणि लावणी-वेचणीसाठी गुलामांची मागणी वाढत गेली. १८६० च्या शिरगणतीत त्या देशात सुमारे चाळीस लक्ष माणसे गुलाम म्हणून नोंदली गेली. ती विकली जात, गहाण पडत. आई एका मळ्यावर आणि मूल दुसऱ्या मळ्यावर जाई. त्यांनी वेचलेला कापूस लिव्हरपूलच्या बंदरात उतरे आणि लँकेशायरच्या गिरण्यांत त्याचे सूत होई. इंग्लंडला लागणाऱ्या कापसाचे पाचांपैकी सुमारे चार हिस्से एकट्या अमेरिकेतून येत असत.

१८६० च्या अखेरीस लिंकन निवडून आला, दक्षिणेकडील राज्ये एकामागून एक फुटून निघाली आणि त्यांची संख्या अकरावर गेली. १२ एप्रिल १८६१ रोजी सम्टर किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या आणि चार वर्षे एकाच राष्ट्राचे लोक एकमेकांना मारीत राहिले. सहा लक्षांहून अधिक सैनिक या युद्धात गेले. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. लिंकनने आरंभी शस्त्र उचलले ते गुलामगिरी मोडण्यासाठी नव्हे, तर राष्ट्र एकसंध ठेवण्यासाठी. १ जानेवारी १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामादेखील बंड केलेल्या प्रदेशापुरताच होता. संपूर्ण देशातून गुलामगिरी कायद्याने गेली ती डिसेंबर १८६५ मधील घटनादुरुस्तीने, लिंकनच्या मृत्यूनंतर. परंतु राष्ट्र दुभंगले ते गुलामगिरीच्याच प्रश्नावर, आणि तो प्रश्न न सोडविता ते सांधता येणार नाही हे लिंकनला युद्धानेच शिकविले. थोर पुरुषांना सर्व काही पहिल्या दिवशीच कळलेले असते असे मुलांना सांगणे आम्हांस कधीच पटलेले नाही.

दक्षिणेची भिस्त कापसावर होती. आपल्या कापसावाचून इंग्लंडचे चालणार नाही, तेव्हा इंग्लंड आपल्या बाजूने उतरेल, असा मळेवाल्यांचा हिशेब. उत्तरेच्या आरमाराने बंदरे अडविली, कापूस अडला, गिरण्या बंद पडल्या, लँकेशायरमध्ये लाखो मजुरांच्या चुली विझल्या. आणि तरीही ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टरच्या कामकऱ्यांनी सभा भरवून लिंकनला पाठिंब्याचे पत्र पाठविले. आपली भाकरी ज्या नाकेबंदीने हिरावली, तिच्याच बाजूने हे लोक उभे राहिले. लिंकनने पुढच्याच महिन्यात त्यांना उत्तर लिहिले. त्या युद्धातील अनेक लढायांची वर्णने आम्ही वाचली. या पत्रव्यवहाराइतके मनाला भिडणारे त्यांत आम्हांस दुसरे काही आढळले नाही.

गिरणीमालकांनी मात्र हिंदुस्थानकडे नजर वळविली. आपला कापूस आखूड धाग्याचा, त्यात केरकचरा आणि कधी मुद्दाम घातलेली वाळूही. लँकेशायरमध्ये त्याला सरसकट 'सुरती' म्हणत. तेथील एका प्रार्थनासभेत देवाजवळ कापूस मागितला जात असता मागून कोणीसे ओरडले, 'पण सुरती नको,' अशी गोष्ट सांगतात. खरी असो की रचलेली. आपल्या मालाची पत तीवरून समजते. भेसळ रोखण्यासाठी मुंबई सरकारला १८६३ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. पण नड मोठी होती. भाव तिप्पट-चौपट झाले. त्या चार-पाच वर्षांत नेहमीच्या उत्पन्नाखेरीज सुमारे आठ कोटी पौंड मुंबईत आले असा अंदाज केला जातो. पुढची हकीकत मुंबईच्या इतिहासात प्रसिद्धच आहे. बँका आणि कंपन्या पावसाळ्यातील छत्र्यांसारख्या उगवल्या, समुद्र बुजविण्याच्या कंपनीचे शेअर दसपट किमतीला गेले, प्रेमचंद रायचंद हे सट्ट्याचे राजे झाले. विद्यापीठाचा राजाबाई मनोरा त्यांच्याच देणगीतून, त्यांच्या मातोश्रींच्या नावाने उभा राहिला. मुंबई पाहावयास जाणाऱ्या आपल्या मंडळींनी त्या मनोऱ्याकडे मान वर करून पाहताना मिसिसिपीच्या काठच्या मळ्यांचीही आठवण ठेवण्यास हरकत नाही.

आता आपल्या मुलखाकडे वळू. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला होता. बऱ्हाणपूर शिंद्यांकडून इंग्रजांकडे आले ते १८६० साली, म्हणजे सम्टर किल्ल्यावर तोफ उडण्याच्या अगदी तोंडावर. निमाड मध्य प्रांतात सामील झाला १८६४ मध्ये, युद्ध ऐन भरात असताना. अमरावतीचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात 'ऊमरा' या नावाने विकला जाई. 'उमरावती' या जुन्या उच्चाराचे ते इंग्रजी तोंडातले रूप. परदेशी व्यापाऱ्याच्या जिभेवर वऱ्हाडातील एका गावाचे नाव बसले होते आणि त्या गावच्या कुणब्याला त्याचा पत्ताही नव्हता.

माल पोचवावयाचा कसा, हा खरा प्रश्न होता. तोवर वऱ्हाडचा कापूस वणजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. मुंबईकडे जाणाऱ्या गाड्या घाट उतरताना मोडत, वाटेत पाऊस गाठी, धूळ आणि चिखल रुईत मिसळे. रेल्वे भुसावळपर्यंत १८६३ साली आली, पण कसाऱ्याचा थळघाट चढणारा मार्ग खुला झाला तो १८६५ च्या जानेवारीत. एप्रिलमध्ये दक्षिणेच्या सेनापतीने शरणागती दिली. म्हणजे ज्या आगगाडीने आपल्या रानातला कापूस सुखरूप मुंबईच्या बंदरात न्यावयाचा, ती अखंड धावू लागली आणि तीन महिन्यांत ती भाववाढच संपली! नागपूरला रूळ पोचले १८६७ मध्ये आणि खामगावचा फाटा सुरू झाला १८७० मध्ये. त्याच्या उद्घाटनास खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. रेल्वेने तेव्हा बाजार आणला यात शंका नाही. परंतु चढत्या भावाचा तो बाजार नव्हता.

त्या तेजीच्या दिवसांत शेतकऱ्यांनी बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा चढविल्या, अशी कथा सांगितली जाते. आम्हांस त्या कथेतील चांदीपेक्षा तिचा पुढचा प्रवास महत्त्वाचा वाटतो. चढत्या भावाच्या भरवशावर सावकाराने मागेल त्याला उचल दिली, घेणाऱ्याने लग्ने केली, विहिरी खणल्या, ज्वारीच्या रानात कपाशी लावली. विणकराचे हाल निराळेच. कापूस महागला की सूत महागते, आणि ज्या हातमागवाल्याचे गिऱ्हाईक गरीब असते त्याला लुगड्याची किंमत वाढविता येत नाही. १ जुलै १८६५ रोजी मुंबईत वायद्यांची मुदत भरली आणि मोठमोठ्या पेढ्या कोसळल्या. ती बातमी खेड्यांत हळूहळू आली, घसरत्या भावाच्या रूपाने. कर्ज मात्र घसरले नाही. पुणे जिल्ह्यात सुपे येथे १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. त्या दंग्यांच्या कारणांत कापसाच्या पडलेल्या भावाची गणना तत्कालीन सरकारी चौकशीनेही केली. आणि १८९६-९७ व १८९९-१९०० हे दोन दुष्काळ आले, तेव्हा कपाशीच्या मुलखाची खरी परीक्षा झाली. कापूस खाता येत नाही. ज्याच्या कणगीत ज्वारी नव्हती त्याला ती विकत घ्यावी लागली आणि ज्याच्या हाती पैसा नव्हता तो मेला.

हे सारे तिकडील गुलामांच्या मुक्तीमुळे झाले, असा विपरीत अर्थ कोणी काढू नये. तरीही जी बातमी ऐकून कपाशीच्या मळ्यात एका मातेने मुलाला पहिल्यांदा आपले म्हणून छातीशी धरले असेल, त्याच बातमीने आमच्याकडील एखाद्या घराची गाय दावणीतून सुटून सावकाराच्या गोठ्यात गेली, ही वस्तुस्थिती आहे. ती मुलांसमोर कशी मांडावी हे आम्हांस आजही पुरते उमगलेले नाही.

या युद्धाकडे मुंबईच्या पेढ्या भावाच्या पाटीवरून पाहत होत्या. पुण्यात एक गृहस्थ त्याकडे वेगळ्या दृष्टीने पाहत होते. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केले आणि ते अर्पण केले अमेरिकेतील सदाचारी लोकांना, गुलामांना दास्यातून सोडविण्याच्या कार्यात त्यांनी दाखविलेल्या औदार्याबद्दल आणि स्वार्थत्यागाबद्दल. आपल्या देशबांधवांनीही हा कित्ता गिरवावा आणि शूद्रांना दास्यातून सोडवावे, अशी आशा त्यांनी त्या अर्पणपत्रिकेत व्यक्त केली. मराठी पुस्तकाला दुसऱ्या खंडातील माणसांचे असे स्मरण करणारी अर्पणपत्रिका जोडण्याचे धैर्य त्या काळी कोणाजवळ होते? वाङ्मयाच्या इतिहासात या पुस्तकाच्या भाषेच्या रोखठोकपणाविषयी पुष्कळ लिहिले जाते. अर्पणपत्रिकेकडे पान उलटताना नजर जाते इतकेच. आमच्या मते ते पान थांबून वाचावे असे आहे. दास्याला नेहमीच साखळी लागत नाही, ती विद्येच्या अभावानेही घट्ट होते, हे जोतीरावांनी ओळखले होते. आपल्यांपैकी पुष्कळांची घराणी लेखणीच्या बळावर या प्रांतात आली आणि स्थिरावली. आमचे आजोबा एका जिनात हिशेबनीस होते. म्हणून हे पान आपण अधिकच लक्षपूर्वक वाचावयास हवे.

तुकईथडच्या त्या रानात वेचणीचे काम चालू होते. दहा-बारा बाया, बहुतेक कोरकू, कमरेला धडपे बांधून ओळीने पुढे सरकत होत्या. उमललेल्या बोंडाच्या टोकदार पाकळ्या बोटांना टोचतात. जुन्या वेचणाऱ्या बाईच्या नखांच्या कडा पाहिल्या म्हणजे ते समजते. मजुरी किलोवर. पूर्वी या भागात सालदार ठेवण्याची रीत होती. आखाजीला साल बांधावयाचे, धान्य आणि थोडी रोकड ठरवावयाची, आणि अडीअडचणीला उचल घेतली की पुढचे साल त्यातच अडकावयाचे. कित्येकांचे बापाचे साल मुलाकडे आले. १९७६ च्या कायद्याने वेठबिगार बंद झाली आणि त्या कर्जातून माणसे कायद्याने मोकळी झाली. अमेरिकेतही असेच काहीसे घडले होते. मुक्त झालेल्या माणसांना जमीन मिळाली नाही. ती त्याच मळ्यांवर वाट्याने कपाशी करू लागली आणि बियाणे, पीठ, कापड उधारीवर घेऊन वर्षअखेरीस पुन्हा देणेकरी ठरू लागली.

दुपारी बाभळीच्या सावलीत भाकरी खाताना आमच्या विद्यार्थ्याने, त्याचा स्वभावच तसा, 'गुरुजी, यांना ती अमेरिकेची गोष्ट सांगा' असा हट्ट धरला. आम्ही जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितली. एक वयस्क बाई, जिला सगळ्याजणी मावशी म्हणत होत्या, हातातील कांदा बाजूला ठेवून ऐकत होती. तिने विचारले, "ते लोक सुटले म्हंता, मंग कापूस कोन येचे?"

"तेच लोक, मावशी," आम्ही म्हणालो. "वाट्यावर."

"अन् तोल कोन करे?"

"मालकच करी. हिशेबाची वहीही त्याचीच."

ती काही बोलली नाही. विद्यार्थीही थोडा वेळ गप्प होता. तो मालक म्हणून वाईट नाही. बी आणि फवारणीचा खर्च, आडत्याचा कट्टा आणि पडलेला भाव यांत तो स्वतःही पिचलेला असतो, हे आम्हांस ठाऊक आहे. बऱ्हाणपूरच्या बाजारात त्याच्या कापसाचा जो भाव ठरतो, तो परदेशातील सौद्यांकडे पाहून ठरतो, आणि त्याबद्दल त्याला कोणी विचारीत नाही. आमच्या शहरातील ताप्ती मिल, १९०६ साली सुरू झालेली, २०२० च्या टाळेबंदीत थांबली, तेव्हाही कोणी कोणाला विचारले नव्हते.

उन्हे कलल्यावर आम्ही स्टेशनाच्या बाजूला चक्कर मारून आलो. खंडवा आणि हिंगोली यांना जोडणारा हा छोट्या रुळांचा मार्ग स्वातंत्र्यानंतर, १९६० च्या सुमारास पुरा झाला, आणि अजमेरपासून हैदराबादपर्यंत छोट्या गाडीची एक सलग वाट तयार झाली. आमच्या लहानपणी अकोल्याचे पाहुणे याच गाडीने येत. धूळघाटाजवळ ही गाडी चढ उतरण्यासाठी वळसा घेऊन आपल्याच रुळांखालून जाई. ते दृश्य पाहण्यासाठी मुले डब्याच्या खिडक्यांशी भांडत. २०१७ च्या आरंभी ती बंद झाली. मोठे रूळ मेळघाटच्या वाघांच्या जंगलातून न्यावेत की बाहेरून, यावर बराच वाद झाला आणि अखेर जंगल टाळण्याचे ठरले. वाघांना शांतता मिळते याचा आम्हांस आनंदच आहे. अकोल्याच्या मावशीकडे जाण्यास मात्र आता भुसावळचा वळसा पडतो.

परत रानात आलो तेव्हा तोल चालला होता. बांधावरच्या निंबाच्या फांदीला काटा टांगलेला होता आणि एकेक गाठोडे त्याला लावले जात होते. विद्यार्थ्याची मुलगी, आठवीत शिकणारी, वहीत आकडे लिहीत होती. मावशीचे गाठोडे लागले तेव्हा तिने वही मागून घेतली. वाचता येत नव्हते. तिने मुलीला आकडा मोठ्याने वाचावयास लावला, काट्याकडे पाहिले, आणि पुन्हा एकदा वाचावयास लावला. मग बाकीच्या बायांनीही तसेच केले. त्यामुळे तोल संपावयास बराच उशीर झाला आणि आमची बऱ्हाणपूरची शेवटची बस चुकली.